उजवीकडची स्क्रीन

१

रोज सकाळी सातच्या ठोक्याला बाबांचं मशीन म्हणायचं, "पाणी." मग ताई ग्लास घेऊन यायची आणि घराचा दिवस सुरू व्हायचा.

मशीन म्हणायचं, कारण बाबांना म्हणता येत नव्हतं. दोन वर्षांपूर्वीच्या झटक्यात त्यांचं अंग गेलं आणि आवाजही गेला. तीस वर्षं शाळेत शेवटच्या बाकावरच्या डुलक्या मोडणारा तो आवाज. उरले ते डोळे, डाव्या हाताची दोन बोटं आणि पूर्वीइतकंच तल्लख डोकं. त्या दोन बोटांसाठी धाकट्या लेकीने एक जुना कॉम्प्युटर झाडूनपुसून उभा केला, त्यावर विंडोजऐवजी फुकटातलं लिनक्स चढवलं आणि स्क्रीनच्या खालच्या अर्ध्या भागात मोठ्या अक्षरांचा कीबोर्ड आणून बसवला. बाबा मुठीखालच्या माऊसवरचा गोळा बोटांनी फिरवायचे, बाण एकेका अक्षरावर न्यायचे आणि दाबायचे. वाक्य पुरं झालं की मशीन ते मोठ्याने वाचायचं. मशीनपासून लांब असले की त्यांची भाषा पापण्यांची. एकदा मिटल्या तर हो, दोनदा मिटल्या तर नाही.

या धाकट्या लेकीला घरात सगळे पक्कड म्हणत. नाव भावोजींनी पाडलेलं. एकदा धरलं की ही सोडत नाही, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खोटं नव्हतं. ती एका कचेरीत साठ मशीनं सांभाळायची, आणि ज्या बिघाडापुढे बाकीचे हात टेकत तो तिला मेजवानीसारखा वाटायचा.

बुधवारी ताईला मशीनने विचारलं, अपडेट करू का. ताईने बापडीने 'हो' दाबलं. स्क्रीन काळी झाली ती झालीच. चार दिवस बाबा मुके होते. जेवण निम्म्यावर आलं होतं, आणि ताई फोनवर रडली होती. "ते काहीतरी सांगायला बघतायत गं," ती म्हणाली होती. "नुसते डोळे मिटतात, आणि मला प्रश्नच सापडत नाही."

रविवारी सकाळी पहिली बस पकडून पक्कड निघाली. तिला वाईट वाटत होतं, अगदी मनापासून. पण खरं सांगायचं तर त्या वाईटाखाली उकळ्याही फुटत होत्या.

२

टेबल पलंगाला लागूनच होतं. टेबलाच्या उजवीकडे, दोन हातांवर, अडगळीच्या खोलीचं दार. खिडकीतून स्वच्छ ऊन आत आलं होतं आणि चादरीवर पसरलं होतं.

पक्कडने आधी बाबांच्या मुठीखालचा माऊस सोडवला, वायर गुंडाळून आपल्या बॅगेवर ठेवला आणि स्वतःचा जोडला. बाबांच्या कपाळावर हात ठेवून म्हणाली, दुपारपर्यंत तुम्हाला बोलतं करते, नाहीतर नाव बदला माझं. बाबांनी एकदा तिच्याकडे पाहिलं आणि नजर पुन्हा उजवीकडे नेली.

काळ्या स्क्रीनमागे मशीन जिवंत होतं. तीन बटणं एकदम दाबली की चित्रांचा पसारा बाजूला सरतो आणि नुसत्या अक्षरांची स्क्रीन येते. तिथून ती आत शिरली आणि लॉग वाचायला बसली. लॉग म्हणजे मशीनची रोजनिशी. कुठे काय बिनसलं ते मशीन स्वतःच लिहून ठेवतं, वाचणारा तेवढा हवा. पक्कड वाचायची ती गोष्टीचं पुस्तक वाचल्यासारखी, ओठ हलवत, मधेच हसत. चित्र दाखवणाऱ्या कार्डाचा नवा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्राम, आला होता, आणि नव्याचं जुन्या कार्डाशी पहिल्या दिवसापासून वाजलं होतं. सरळ प्रकरण होतं. तिने नव्याची हकालपट्टी केली, जुन्याला परत बोलावलं आणि चित्रांची बाजू पुन्हा सुरू केली.

स्क्रीन उजळली. निळा डेस्कटॉप, कोपऱ्यात घड्याळ. पक्कडने टाळी वाजवली, आणि त्याच क्षणी मशीनचा सपाट, ओळखीचा आवाज आला.

"उघडलं का?"

"उघडलं, बाबा, उघडलं," ती म्हणाली. चार दिवसांनी बाप बोलला होता. डोळे पुसत ती वळली.

बाबांचा हात चादरीवर उताणा पडला होता. माऊस तिच्याच बॅगेवर होता, वायर गुंडाळलेली. आणि स्क्रीनवर कीबोर्ड नव्हताच, मग लिहिणार कशावर?

तिला अर्धं मिनिट लागलं, पण उत्तर सापडलं. बुधवारी मशीन बंद पडताना एखादं वाक्य वाचायचं राहून गेलं असणार, ते रांगेत अडकून पडलं आणि आता बाहेर आलं. असं होतं. प्रिंटरच्या बाबतीत तर रोज होतं.

३

आता कीबोर्ड आणायचा राहिला. तो आपोआप सुरू व्हायला हवा होता, आणि गंमत म्हणजे सुरू झालाही होता. चालू प्रोग्रामांच्या यादीत तो होता, मेमरी खात होता. फक्त दिसत नव्हता.

तिने माऊस इकडेतिकडे फिरवला, आणि बाण स्क्रीनच्या उजव्या कडेतून पार निघून गेला. एरवी कडेला टेकून थांबतो तो बाण. माऊस डावीकडे ओढला तेव्हा कुठे परत आला.

पक्कड खुर्चीत सरसावून बसली. हे तिला ठाऊक होतं. मशीनला दोन स्क्रीन जोडल्या की बाण एकीतून दुसरीत जातो. म्हणजे मशीनची समजूत झाली होती की उजवीकडे आणखी एक स्क्रीन आहे, आणि कीबोर्ड शहाण्यासारखा तिथे जाऊन बसला होता. नसलेल्या स्क्रीनवर.

तिने एका ओळीची कमांड दिली. जोडलेल्या स्क्रीनांची यादी आली. पहिली, जोडलेली. दुसरी, जोडलेली, पहिलीच्या उजव्या हाताला.

ती टेबलाखाली शिरली. मशीनच्या पाठीतून स्क्रीनची एकच वायर निघत होती. दुसऱ्या भोकात धूळ होती. तिने त्यात फुंकर मारली, वर आली, कमांड पुन्हा दिली. दुसरी, जोडलेली.

"बाबा, तुमच्या मशीनला भूतबाधा झालीय," ती हसत म्हणाली. "मजा येणार आज."

बाबांनी डोळे एकदा मिटले. तिने ते पाहिलं, आणि मजा येणार याला हो, असा त्याचा अर्थ लावला.

४

कीबोर्ड नीट चालतोय की नाही हे बघायला तिने बोलण्याची नोंद उघडली. मशीनने मोठ्याने वाचलेलं प्रत्येक वाक्य तारीखवेळेसकट त्या फाईलमध्ये साठायचं. ते वाचताना तिला चोरून पत्रं वाचल्यासारखं झालं. पाणी. उशी उंच कर. पंखा कमी. ताईला म्हणावं आज छान झालंय. पक्कडचा फोन आला का. इथे ती थांबली, आणि मग पुढे गेली.

गेल्या महिन्यापासून एकच वाक्य पुन्हा पुन्हा येत होतं. दार लाव. दार लाव. दार लाव. दिवसातून पाच वेळा, दहा वेळा.

तिने स्वयंपाकघराकडे तोंड करून ताईला विचारलं. ताई हात पुसत दारात आली आणि म्हणाली की हो, त्या अडगळीच्या दाराचं वेडच घेतलं होतं बाबांनी. दार तर बंदच असायचं. मग ती उठायची, दार उघडायची, पुन्हा लावून दाखवायची, तेव्हा कुठे ते गप्प व्हायचे. "म्हातारपण, दुसरं काय," असं म्हणून ताई परत गेली.

पक्कडने फाईल पुढे सरकवली. या 'दार लाव'च्या अधेमधे आणखी एक वाक्य होतं. मोजकंच, चार ठिकाणी.

दार उघड.

त्यातलं शेवटचं मंगळवारचं होतं, सकाळी साडेअकराचं. मंगळवारी साडेअकराला बाबा डॉक्टरांकडे तपासणीला गेले होते. तिला पक्कं आठवत होतं, कारण ताईने तिला दवाखान्यातून फोन केला होता. घराला तेव्हा कुलूप होतं.

घड्याळ चुकलं असेल. तिने कोपऱ्यातलं घड्याळ आपल्या मनगटाशी ताडून पाहिलं. मिनिटाचाही फरक नव्हता. मग अपडेटच्या आधी चुकलेलं असेल आणि नंतर सुधारलं असेल. तेही होतं. तिने फाईल बंद केली, पण अंगावर आलेला काटा लगेच बसला नाही, आणि नवल म्हणजे तिला तो आवडला. वर्षानुवर्षं एकाच छापाचे बिघाड निस्तरल्यावर असलं काही हाती लागावं, ही काही रोजची गोष्ट नव्हती.

५

स्क्रीन आपली माहिती मशीनला स्वतःच देते. किती ठिपक्यांची, किती मिलिमीटरची. पक्कडने दुसरीची माहिती मागवली.

रुंदी आठशे बारा मिलिमीटर. उंची दोन हजार तीस.

ती पाहतच राहिली. पुरुषभर उंचीची, अरुंद, उभी स्क्रीन. दुकानांबाहेर जाहिरातींच्या असतात तशी, पण ही मापं त्यांचीही नव्हती. मग तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. स्क्रीन डोळ्यांना दिसत नसली म्हणून काय झालं, मशीनला तर दिसत होती. आणि मशीनला जे दिसतं त्याचा स्क्रीनशॉट घेता येतो. सगळ्या डेस्कटॉपचा घेतला की त्यात दोन्ही स्क्रीन येणार.

तिने तो घेतला आणि उघडला. डावीकडे निळा डेस्कटॉप. उजवीकडे एक दार.

तपकिरी, गोल मुठीचं, मुठीखाली रंगाचा पोपडा उडालेलं. दाराच्या खालच्या भागावर बाबांचा कीबोर्ड तरंगत होता, सगळ्या अक्षरांसकट. ते दार हातभर उघडं होतं, आणि फटीत काळोख होता.

पक्कडने मान उजवीकडे वळवली. तपकिरी, गोल मुठीचं, पोपडा उडालेलं दार. बंद.

बॅगेत मोजपट्टी होती, तिच्या बॅगेत काय नसायचं. तिने दाराच्या फळीला पट्टी लावली. रुंदी आठशे बारा. मग खुर्चीवर चढून उंची मोजली. दोन हजार तीस. जुळल्याचा आनंद आधी झाला. भीती मागून आली, खुर्चीवरून उतरताना.

पण पक्कड ती पक्कड. भावोजींनी गेल्या महिन्यात एक छोटा कॅमेरा आणला होता, घरी कोणी नसताना बाबांवर लक्ष ठेवायला. तो कुठेतरी दाराकडे तोंड करून बसवला असणार, आणि त्याचं चित्र मशीनने स्क्रीन समजून घेतलं असणार. मापाचं काय, कॅमेऱ्यानेच काहीबाही कळवलं असेल. दार तेव्हा उघडं असेल. तिने भिंती न्याहाळल्या. कॅमेरा दिसला नाही, पण भावोजींनी लपवलेली वस्तू त्यांची त्यांनाही सापडत नसे.

"ताई," तिने हाक मारली, "भावोजींनी तो कॅमेरा कुठे लावलाय गं?"

स्वयंपाकघरात मिक्सर सुरू झाला आणि प्रश्न त्यात बुडाला.

६

उपाय अगदी सोपा होता. वर्षाला दहा जणांना ती फोनवर हाच सांगायची. दुसरी स्क्रीन बंद करा. ती बंद झाली की तिच्यावर जे जे काही आहे ते आपोआप पहिलीवर गोळा होतं. कीबोर्ड आपल्या पायांनी घरी येतो.

तिने कमांड लिहिली. एंटर तेवढा दाबायचा राहिला होता. आणि बाबांना हे सांगितल्याशिवाय तिला राहवेना. चार दिवसांची कोंडी फोडायचा मान त्यांचाच होता.

"बाबा, आता ती दुसरी स्क्रीन बंद करते. की आलंच तुमचं बोलणं. करू?"

बाबांनी डोळे दोनदा मिटले.

ती हसली. चार दिवस मशीन बंद राहिल्यावर 'बंद' या शब्दाचाच माणूस धसका घेणार. "तुमचं मशीन नाही हो. ती दुसरी, नसलेली."

दोनदा. मग पुन्हा दोनदा. त्यांची नजर दारावरून तिच्यावर आली, तिथून पुन्हा दारावर गेली. डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी ओघळत होतं. पक्कडने रुमालाने ते पुसलं. तिला भडभडून आलं. किती साठलंय यांच्या मनात, ती स्वतःशी म्हणाली, आणि आणखी मिनिटभर थांबायला लावणं तिला पाप वाटलं.

पण सवय जात नाही. काहीही बदलण्याआधी जसं आहे तसं टिपून ठेवायचं, ही तिच्या धंद्यातली पहिली शिकवण. तिने दोन्ही स्क्रीनांचा आणखी एक स्क्रीनशॉट घेतला, न बघता बाजूला ठेवला, आणि एंटर दाबला.

७

कीबोर्ड आला. खालच्या अर्ध्या भागात, मोठ्या अक्षरांचा, जिथे असायचा तिथेच. पक्कडने दोन्ही मुठी हवेत उडवल्या, आपला माऊस काढला, बाबांचा जोडला आणि तो त्यांच्या मुठीखाली सरकवला.

त्याच वेळी उजवीकडे खट् असं वाजलं. कडीचा आवाज. लक्ष द्यावं असा मोठा नव्हता.

"बोला," ती म्हणाली. "काहीही बोला. मला शिव्या घाला."

बाबांनी बोटं हलवली नाहीत. त्यांनी माऊसवरून हात ओढून घेतला, तेवढं त्यांना जमत होतं, आणि मूठ मिटली. ती वाट पाहत राहिली. तिचा उत्साह उतू जाऊन चुलीवर सांडावा तसा झाला. स्वयंपाकघरातला मिक्सर थांबला, आणि ताईचं उत्तर आता कुठे आलं.

"कॅमेरा ना? तो लावलाय कुठे. अजून खोक्यातच पडलाय."

पक्कड स्क्रीनकडे वळली. तिचा हात मशीनच्या कीबोर्डकडे गेला आणि तिने तो दुसरा, न पाहिलेला स्क्रीनशॉट उघडला.

दार त्यात सताड उघडं होतं. आत अडगळ नव्हती. शिडी नव्हती, बॅगा नव्हत्या. आत एक खोली होती, अशीच. एक टेबल होतं आणि टेबलावर एक उजळलेली स्क्रीन. त्या स्क्रीनसमोर खुर्ची होती, मागे सरकवलेली, आपण उठताना सरकवतो तशी. खुर्चीच्या गादीला मधोमध खड्डा पडलेला होता आणि तो अजून भरून आला नव्हता. कोणीतरी तिथे बसलेलं होतं, आणि स्क्रीनशॉट घेण्याच्या जरासं आधी ते उठलं होतं.

तिने मान वळवली. अडगळीच्या खोलीचं दार उघडं होतं. आत शिडी होती, बॅगा होत्या, आणि खोलीतलं ऊन शिडीच्या पायरीपर्यंत गेलं होतं. घाबरण्यासारखं तिथे काहीच नव्हतं. तिथे कोणीच नव्हतं. आता नव्हतं.

"बाबा," ती हळूच म्हणाली. तिला प्रश्न सापडला होता, चार दिवस ताईला न सापडलेला. "तुम्ही हेच सांगत होता?"

एकदा.

"बोलता आलं नसतं तरी चाललं असतं?"

एकदा. पापण्या मिटल्या आणि उघडल्या, आणि तिने त्या सुरकुतलेल्या मुठीवर आपला हात घट्ट ठेवला. गोळ्याचा माऊस बाजूला पडलेला होता. गोळा फिरत नव्हता. पण स्क्रीनवरचा बाण निघाला, सावकाश, कीबोर्डवरून चालत गेला, आणि अक्षरं एकामागून एक दाबली गेली.

"पाणी," मशीन म्हणालं.

स्वयंपाकघरात भांडं खाली ठेवल्याचा आवाज झाला. चार दिवसांनी ऐकलेल्या त्या शब्दाने ताई धावतच आली. तिच्या हातात भरलेला ग्लास होता, डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडभर हसू होतं. बहिणीचं तोंड तिने पाहिलंच नाही. ती सरळ पलंगाशी गेली आणि ग्लास पुढे केला.

बाबांनी डोळे दोनदा मिटले.

"इश्श, आत्ताच तर मागितलंत," ताई लाडाने म्हणाली. "तुम्हाला नको, तर मग कोणाला हवंय?"

बाण पुन्हा निघाला होता. पक्कडला तो थांबवायचा होता, वायर ओढायची होती, पण तिचा हात बाबांच्या मुठीवरून निघेना. दोन अक्षरं, एक काना.

"मला," मशीन म्हणालं.

ताईची बोटं उघडली हे पक्कडने डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. बाबांनी डोळे गच्च मिटून घेतले होते. पक्कडनेही मिटले, आणि फरशीवर ग्लास फुटल्याचा आवाज कधी येतो याची वाट पाहत राहिली.

आवाज आला नाही.